बोगदा तीनमधले ठोके

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बेहडाटोल्याच्या डोंगराखाली, जमिनीपासून पाचशे मीटर खोल, बोगदा क्रमांक तीनमध्ये कोणीतरी एकेचाळीस वेळा छत ठोकलं. दर वेळी तीन ठोके. सकाळी आठला सुरुवात झाली आणि थांबत थांबत दिवेलागणीपर्यंत चालू राहिलं. गंमत अशी, की त्या दिवशी खाली चिटपाखरू नव्हतं. वर्षातून हा एकच दिवस डोंगरातलं संशोधन केंद्र पूर्ण बंद असतं. जमीन देताना गावाने करारात तशी अटच घातली होती. लिफ्टला कुलूप, पहारेकऱ्याच्या वहीत आडवी रेघ, आणि अख्खं गाव शाळेच्या मैदानात पोरांचे लाकडी बैल बघायला जमलेलं.

मग ठोकलं कोणी?

बोंद्रेसाहेबांनी हा प्रश्न बुधवारी सगळ्यांना विचारला. ते केंद्राचे सुरक्षा अधिकारी. बोलताना मिशीवरून हात फिरवायची त्यांना सवय होती, त्यामुळे निम्मं बोलणं मिशीतच राहायचं. प्रश्न विचारून त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती यशोधरा टेंभुर्णेवर जरा जास्तच वेळ ठेवली.

यशू सोळा वर्षांची, अकरावी विज्ञान. केंद्राच्या ‘शिलामित्र’ योजनेतून शाळा सुटल्यावर संगणक विभागात काम करायची. जुलैत जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिली आल्यापासून तिची चाल बदलली होती. पूर्वी ती कुठल्याही खोलीत आधी डोकं घालायची आणि मग विचार करून बाकीची आत यायची; आता सगळी एकदमच यायची. पण साहेबांची ती नजर पडली आणि तिला पुन्हा नुसतं डोकंच घेऊन बाहेर निघावंसं वाटलं. कारण ते तीन ठोके कोणाचे, हे त्या खोलीत तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

ते तिच्या बाबांचे होते. म्हणजे, रीत त्यांची होती.

गुणवंत टेंभुर्णे बावीस वर्षं मँगनीजच्या खाणीत ड्रेसर होते. ड्रेसर म्हणजे पाळी आत शिरण्याआधी शिरणारा माणूस. त्याने सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन छत ठोकायचं, आवाज ऐकायचा, आणि जो दगड सुटायला आलाय तो आपणच पाडून टाकायचा, म्हणजे मग तो कोणाच्या डोक्यावर पडत नाही. दगड धड असेल तर खण्ण वाजतो, मागे पोकळी असेल तर बद्द. बोगद्याच्या तोंडाशी एक ठोका डावीकडे, एक उजवीकडे, एक मधोमध; मगच पाऊल आत. खाण बंद पडली, तिच्या शेजारच्याच डोंगरात हे केंद्र आलं, आणि गुणवंतभाऊंसकट पाच जुने खाणकामगार इथे लागले. त्यांच्याबरोबर तीन ठोकेही आले. नव्या पोरांनीही ते उचलले.

बोंद्रेसाहेबांचं गणित सरळ होतं. जुन्या खाणीच्या तळातून एक वाट केंद्राच्या हवेच्या विहिरीला मिळते. दोन तास उतरावं लागतं आणि वाट त्या पाच जणांनाच माहीत. पाचांपैकी चौघं दिवसभर मैदानातल्या तोरणाखाली, प्रत्येक फोटोत दात काढून. पाचवा कुठे होता? खाली बोगद्यात विजेचे तापक आहेत, तापकांना तांब्याच्या जाड तारा आहेत. साहेब एवढं बोलून थांबले. पुढचं त्यांनी मिशीत ठेवलं.

घरी जाताना यशूच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. तान्ह्या पोळ्याला बाबा सकाळी पाचला घरातून निघाले होते. तिरोड्याला मावशीकडे जातो म्हणाले. आणि दुपारी मावशीचाच फोन आला होता, भाऊजी बरे आहेत ना, किती दिवसांत आले नाहीत म्हणून. यशूने तेव्हा ते आईला सांगितलं होतं. आई शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणाली होती की दुसऱ्या मावशीकडे गेले असतील.

यशूला दुसरी मावशी नव्हती.

त्या दिवसापासून घर म्हणजे तिला पुराव्यांचं कपाट वाटायला लागलं. बाबा टीव्हीचा आवाज एवढा का वाढवतात? आपण काही विचारू नये म्हणून. जेवताना तिने सहज म्हणून विचारलं की तिरोड्याची बस हल्ली किती वाजताची आहे, तर ते भाताकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “वांगं मस्त झालं आज.” आईने लगेच आणखी वांगं वाढलं. दोघं मिळून आहेत, यशूने वहीत लिहिलं. कपाटात कपड्यांखाली बाबांनी एक घडी घातलेला कागद ठेवलेला तिने पाहिला होता, पण दुसऱ्या दिवशी तो तिथे नव्हता. हेही लिहिलं.

शनिवारी देवस्थळीसरांनी तिला मुद्दाम लवकर बोलावलं.

अर्चिस देवस्थळी पुण्याचे. तिशीतला, उंच, कायम एकच राखाडी स्वेटर घालणारा माणूस. बेहडाटोल्यात उन्हाळ्यात चटके बसतात, पण संगणकाच्या खोलीत बारा महिने थंडी असते. केंद्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीचे ते पालक होते. तिचं नाव ‘गाभा’.

गाभा म्हणजे डोंगराची आकड्यांतली प्रतिकृती. पहिल्याच दिवशी सरांनी तिला ते समजावलं होतं, आणि यशूने नंतर वर्गात स्वतःची उदाहरणं घालून ते इतक्या वेळा सांगितलं की आता कोणती उदाहरणं सरांची आणि कोणती तिची हेच कळत नसे. अणुभट्टीतला कचरा काचेत ओतून ती काच पोलादी डब्यांत बंद करतात. हे डबे खोल दगडात कायमचे ठेवायचे. दगड जुना, पाणी न झिरपणारा हवा, आणि हा डोंगर तसा आहे. पण दगडात भोक पाडलं की त्याच्या आतला दाब कुठे जाणार? आठवडी बाजारात वाटेतच म्हैस बसली तर गर्दी थांबत नाही, दोन्ही बाजूंनी घासून जाते, आणि म्हशीला लागून उभा असलेला माणूस चेंगरतो. बोगदा म्हणजे ती म्हैस. त्याच्या कडेचा दगड चेंगरतो. त्यात डबे शेकडो वर्षं गरम राहणार. गरम दगड फुगू बघतो, पण चहूकडून दाबलेला, त्याला मोकळी बाजू एकच, बोगद्याची. म्हणून तो तिकडे सोलवटतो, कांद्यासारखा, एकेक साल.

किती सोलवटेल? ते गाभा सांगतो. त्याने डोंगराचे चार कोटी तुकडे केलेत. प्रत्येक तुकडा शेजाऱ्यांना विचारतो, तू मला किती ढकलतोस? सगळ्यांची उत्तरं एकमेकांशी जुळेपर्यंत हे विचारणं चालतं, आणि जुळली की गाभा एक दिवस पुढे सरकतो. एका दुपारभरात तो हजार वर्षं चालून येतो. पण खरा दगड किती कणखर हे त्याला आधी कोणी सांगायला हवं. त्यासाठी दगडात चोवीस कान पुरले होते. बारीक तडा गेला की दगडात टिक्‌ होतं, माणसाला ऐकू येत नाही असं, पण त्या यंत्रांना येतं. खरे डबे येण्याआधी, जानेवारीपासून, बोगदा तीनमध्ये विजेचे तापक लावून तालीम चालू होती. दर रविवारी आठवड्याच्या टिकटिकी मोजून गाभा स्वतःला सुधारून घ्यायचा. टिकटिक कमी, म्हणजे दगड आपण समजलो त्याहून भक्कम. सहा महिन्यांतच तो डोंगरावर इतका खूश झाला होता की पहिले खरे डबे चौदा ऑक्टोबरला उतरवायचं ठरलं होतं.

“हे ठोके आणि तुझ्या बाबांचे नेहमीचे ठोके,” सर म्हणाले, “शेजारी शेजारी लावून बघशील? तुझ्यापेक्षा ते जास्त कोण ओळखणार?”

ती मान डोलावून बसली. यंत्राने सारखेपणा सांगितला सत्त्याऐंशी टक्के.

सरांनी तो आकडा टिपून घेतला. वाईट वाटतंय, ते म्हणाले. मंगळवारी चौकशी आहे, तिलाही बोलावलंय, हे ठोके ओळखणारी म्हणून. यशूला त्यांच्या आवाजात वाईट वाटण्यापेक्षा सुटल्यासारखं काहीतरी जास्त ऐकू आलं. तिने तेही वहीत लिहिलं. तिची वही आता कोणालाच सोडत नव्हती.

रविवारी सकाळी बाबा अंगणात आरसा खुंटीला अडकवून दाढी करत होते. यशू मागे पायरीवर पोहे खात होती. रात्रभर ठरवून ठेवलेलं वाक्य तिने शेवटी म्हटलं.

“बाबा, त्या दिवशी बोगद्यात तुम्हीच होता ना?”

वस्तरा गालावरून खाली आला. पाण्यात बुडाला. पुन्हा वर गेला.

तिने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. काही नाही. बाबा ओठ एका बाजूला ओढून मिशीची कड नीट करत होते, जसं काही मागे पोरगी नाहीच, भिंत आहे. यशूच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं बोलले असते तरी चाललं असतं, पण हे? तिने हातातली पोह्यांची ताटली सगळा जोर लावून फरशीवर आपटली.

स्टीलची ताटली ती. शेजारच्या अंगणातलं कुत्रं भुंकायला लागलं, घरातून आई धावत आली, कोंबड्या तर तारेच्या कुंपणावर चढल्या. बाबांनी हनुवटीला साबण लावला.

यशू बघतच राहिली. कुत्रं अजून भुंकत होतं आणि तिचे बाबा शांतपणे हनुवटी करत होते. मग आरशात त्यांना ती दिसली, तिचा चेहरा दिसला, आणि ते दचकून वळले.

“काहून रडते वो माय?”

आईने खाली बसून पोहे गोळा करायला घेतले. “आता समजलं ना तुले?” ती म्हणाली. “आता तोंड बंद ठेव.”

मग सगळं बाहेर आलं, तुकड्या तुकड्यांनी. डावा कान गेला होता. उजवा अर्धा. बावीस वर्षं सुरुंगांच्या शेजारी काढल्यावर जातोच, डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी ते गोंदियाला कानाच्या डॉक्टरकडे गेले होते, मुद्दाम केंद्र बंद असताना, म्हणजे रजेचं कारण लिहावं लागणार नाही. तो कागद आईने पिठाच्या डब्यात ठेवला होता.

“ड्रेसरले कान नसन तर तो कायचा ड्रेसर?” बाबा म्हणाले. गालावर अर्धा साबण तसाच होता. “चोर म्हणतील तर म्हणू दे. काही सापडणार नाही, महिनाभर बसवतील न मंग घेतील परत. कानाचं समजलं तर कायमचं वर.”

यशूला आधी इतकं हलकं वाटलं की ती हसलीच. बाबा तिथे नव्हते. मग तिची जीभ तिच्या डोक्याच्या पुढे धावली आणि तिने विचारलं की ऐकू येत नाही तर मग इतके दिवस छत कसं बघता?

बाबांनी उजवा तळवा वर करून दाखवला. एका हाताने ठोकायचं आणि दुसरा दगडावर ठेवायचा. धड दगड हाताला थोडक्यात झटका देतो. सुटलेला थरथरतो. जुने लोक तसंही बघायचे.

“आणि बोगदा तीनचं छत?” यशूने विचारलं.

त्यांनी आईकडे बघितलं. आई पोह्यांतले खडे वेचत होती, पोहे तर कोंबड्यांनाच जाणार होते.

“आखाडीपासून हाताले बरं नाही लागत,” ते म्हणाले. “पण कान काही सांगत नाही, तर वाटते हातच खोटा असन. कोणाले सांगू? पह्यलं विचारतील, आवाज कसा आला गुणवंतभाऊ?”

अंगणात ऊन चढत होतं आणि यशू बोटांवर माणसं मोजत होती. पाचांपैकी चौघं फोटोत, पाचवा गोंदियात. मग एकेचाळीस वेळा ठोकलं कोणी? आता या प्रश्नाला उत्तर म्हणून एकही माणूस उरला नव्हता. फक्त डोंगर उरला होता.

आणि त्याच क्षणी तिला फेब्रुवारीतली एक दुपार आठवली. योजनेतला तिचा पहिलाच आठवडा. सर आवाजांची वर्गवारी करत होते, हा पंख्याचा, हा पंपाचा, हा दगडाचा, आणि एका तिहेरी आवाजापाशी अडले होते. हा बोजड आहे, खालच्या पट्टीतला, दगडाचे तडे तर टिचक्यांसारखे असतात, हे काय असावं? आणि यशू खुर्चीतून अर्धी उठून म्हणाली होती, सर, हे तर बाबा आहेत! पूर्ण खोली हसली होती. सरांनी तिला शाबासकी देऊन तिच्याच हाताने त्या आवाजावर शिक्का मारायला लावला होता: माणूस. पुढचे शंभर दिवस तिने असे शिक्के मारले आणि गाभा तिच्याकडून शिकला. आता तो आपणच ओळखायचा. तीन बोजड ठोके, छताजवळ? माणूस. बाजूला काढा, मोजू नका.

सोमवारी शाळेला दांडी मारून ती केंद्रात गेली. तिने जानेवारीपासूनचे ‘माणूस’ शिक्क्याचे ठोके काढले आणि तापकांच्या तापमानाशेजारी ठेवले. दोन्ही रेघा एकमेकींचा हात धरून वर चढत होत्या. तापक चाळीस अंशांवर असताना दिवसाला वीस, सत्तरवर पस्तीस, नव्वदवर पन्नासच्या वर. या आठ महिन्यांत पाळ्या मात्र एकीनेही वाढल्या नव्हत्या. मोठं सालपट सुटताना आवाज बोजडच येणार, हे तिला सरांनीच कधीतरी सांगितलं होतं. लहान तार चिरकते, जाड तार घुमते. आणि सालपट सगळं एकदम सुटत नाही, कडेने उसवत जातं, टाका टाका करत.

तिने चोवीस कानांवरून ठोक्यांची जागा काढली. छताच्या वर, दगडाच्या आत, हातभर. माणूस दगडाच्या आतून कसा ठोकणार?

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की जागा काढण्यात दोन मीटरची चूक गृहीत धरलेली असते, तेव्हा हातभराला अर्थ नाही. तापमान वाढलं तशी तपासणीही वाढली असेल. आणि सत्त्याऐंशी टक्के सारखेपणा तिनेच काढलाय. बोलता बोलता त्यांचा आवाज मऊ झाला. “यशोधरा, तुझ्या बाबांसाठी तू हे करणारच. मीही केलं असतं. पण त्या दिवशी तिथे कोणीही नव्हतं, असं ठामपणे सांगणारं काही आहे का तुझ्याकडे?”

होतं. पिठाच्या डब्यात. तिच्या जिभेच्या टोकावर आलं आणि तिने दात मिटले. ते तिचं नव्हतं, तिने सांगायचं नव्हतं.

सर चहा आणायला गेले तेव्हा तिने जुन्या नोंदी चाळल्या. चोरून नव्हे, संगणकाचा पडदा उघडाच होता. सव्वीस जून. खाली सरांची आद्याक्षरं. ‘माणूस-ठोके पाळ्यांच्या मानाने जास्त वाटतात. तपासायचे.’ पुढे काही नाही. जुलै नाही, ऑगस्ट नाही. चौदा ऑक्टोबर ही तारीख एक जुलैला जाहीर झाली होती.

सर चहा घेऊन आले. यशूने कप घेतला, पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी ती बाबांच्या समोर बसली, अगदी समोर, ओठ दिसतील असं, आणि सगळं सांगितलं. माझ्या शिक्क्यामुळे गाभा बहिरा झालाय, ती म्हणाली, आणि शब्द तोंडातून गेल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाबा फक्त पुढचं ऐकत होते. तुम्ही बोगद्यात होता असं ठरलं, तर ते ठोके माणसाचेच ठरतील. मग छत भक्कम. मग तालीम संपली, आणि डबे उतरवायला बोगदा तीनमध्ये माणसं उभी राहणार. बाबांनी विचारलं, पहिल्या पाळीची डबा खायची जागा आहे, तिथेच का? तिने नकाशावर बोट ठेवलं. तिथेच.

त्यांनी टीव्ही लावला, आवाज वाढवला, आणि बातम्या संपल्यावरही तो बंद केला नाही.

मंगळवारी अकरा वाजता चौकशी. लांब टेबल, एका टोकाला बोंद्रेसाहेब, शेजारी देवस्थळीसर, समोर इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा. साहेबांनी मिशीवर हात ठेवून विचारलं. बाबा नुसते बघत राहिले. साहेबांनी पुन्हा विचारलं, हात तिथेच. टेंभुर्णे उत्तर देत नाहीत, असं कारकुनाने लिहायला घेतलेलं यशूला दिसलं.

बाबांनी तिच्याकडे मान वळवली. त्या मान वळवण्यात काय होतं ते तिला नीटसं कळलं नाही. परवानगी होती की विनंती. ती उठली, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि शब्द सुटे सुटे करत म्हणाली:

“साहेब विचारतात, तान्ह्या पोळ्याला तुम्ही कुठे होता?”

साहेबांचा हात मिशीवरून खाली आला.

बाबांनी खिशातून कागद काढला. घडीवर पिठाची रेघ होती. “गोंदियाले होतो,” ते म्हणाले. “सकाळी नऊ ते संध्याकाळी चार. कान दाखवाले. डाक्टरचा सही-शिक्का आहे, फोन नंबर आहे. मले ऐकू येत नाही साहेब. दोन वर्षं झाले.” मग देवस्थळीसरांकडे वळून, “ते ठोके माहे नाही. माह्या हाताले विचारा. ते छत सुटून राह्यलं.”

साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि सरांकडे सरकवला. सरांनी तो वाचायला फार वेळ लावला. यशूने तोवर आपलं सांगून टाकलं, फेब्रुवारीतला शिक्का, तिचा, तिच्याच हातचा. जूनमधल्या नोंदीचं ती बोलली नाही. फक्त सरांकडे बघितलं. सरांनी वर बघितलं, आणि त्यांना कळलं की तिला माहीत आहे.

“मी जूनमध्ये हे पाहिलं होतं,” सर कारकुनाला म्हणाले. “लिहा. पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं.”

दुपारी गाभ्यातून तो शिक्का काढला. आठ महिन्यांतले, पाळ्यांच्या हिशेबात न बसणारे सगळे ठोके दगडाच्या खात्यात गेले आणि चार कोटी तुकड्यांनी एकमेकांना पुन्हा विचारायला सुरुवात केली. तीन तास लागले. यशू पडद्यासमोरून उठली नाही. आधी सगळा बोगदा निळा होता, गेले आठ महिने होता तसा. मग छतात एक पिवळी ठिणगी आली, ती लांबली, केशरी झाली, आणि पाच वाजता पडद्यावर एक लाल लाट उभी होती, सहा मीटर लांब, हातभर जाड, बोगद्याच्या वळणावर, जेवणाचे डबे ठेवायच्या कट्ट्याच्या बरोबर वर. गाभ्याने तिचं आयुष्य सांगितलं: दहा ते नव्वद दिवस.

बोगदा तीन त्याच संध्याकाळी रिकामा केला. चौदा ऑक्टोबरची तारीख फळ्यावरून पुसली गेली, नवी लिहिली नाही. पुढच्या आठवड्यात बाबांची वैद्यकीय तपासणी झाली आणि शिक्का मारलेलं पत्र घरी आलं. ‘भूमिगत कामास अपात्र.’ वरचं काही काम बघू, असं त्यात लिहिलं होतं. काय ते लिहिलं नव्हतं. चौघे जुने साथीदार एकदा येऊन बसून गेले. त्यांच्यातल्या एकाने म्हटलं की दोन वर्षं आमचे जीव नुसत्या तळहातावर ठेवलेस रे गुणवंता. तो हसत म्हणाला, पण नंतर कितीतरी दिवस फिरकला नाही. बाबांना तो काय म्हणाला ते कळलं होतं की नाही, यशूला विचारावंसं वाटलं आणि तिने विचारलं नाही.

बाबा अंगणात बसायचे. सकाळचे सहा वाजले की पाय आपोआप चपला शोधायचे आणि मग थांबायचे. यशू शाळेत जायची, केंद्रातही जायची. सर तिच्याशी आता मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलायचे. तरी ती त्यांचा प्रत्येक आकडा स्वतः पुन्हा मोजायची. स्वतःचा तर दोनदा. बोगदा एक आणि दोन अजून निळेच होते, आणि निळा रंग दिसला की ती आधी बाजूला काढलेल्या आवाजांची यादी उघडायची.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, सहामाहीची सुट्टी चालू असताना फोन आला. देवस्थळीसर होते. त्यांचा आवाज खरखरत होता. दहा पन्नासला पडलं, ते म्हणाले. कॅमेऱ्यात आलंय. कट्टा दिसतच नाही आता, नुसता दगड आहे.

पहिली पाळी पावणेअकराला जेवणाचा डबा उघडते.

यशू फोन हातात धरूनच अंगणात आली. बाबा खाटेवर बसून आईने दिलेल्या शेंगा सोलत होते. ती समोर उकिडवी बसली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि म्हणाली की छत पडलं, बाबा. तीनचं.

त्यांनी ओठ वाचले. शेंग हातातच राहिली. त्यांचा चेहरा एकदम वीस वर्षांनी म्हातारा झाला, आणि यशूला समजलं की त्यांना फक्त अर्धंच कळलंय.

“किती जण होते?”

“कोणी नाही.”

त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवा, तो अर्धा कान तिच्याकडे केला, आणि डोळे मिटून घेतले. डोळे मिटले तर ओठ कसे दिसणार? पण बहुतेक त्यांना हे बघायचं नव्हतं, ऐकायचंच होतं.

यशूने त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि पोटातून, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी ओरडली, “कोणीच नव्हतं, बाबा!”

शेजारपाजारचे लोक दारात आले. कुणी मेलं का, काय झालं, विचारायला लागले. बाबा डोळे मिटूनच होते. मग त्यांनी हातातली शेंग फोडली, त्यातले दोन दाणे तिच्या तळहातावर ठेवले, आणि म्हणाले, “अजून एकदा सांग.”